टोकाला मोज

पोरी, कॅरव्हॅन घेतलीत ते फार बरं केलंत. तू पाठवलेल्या फोटोत गाडीच्या मागच्या बंपरखाली करड्या रंगाचा अँडरसन प्लग दिसतो आहे, म्हणजे गाडीतून कॅरव्हॅनची बॅटरी चार्ज करायची सोय केलेली आहे. "गाडी चालवत राहा, बॅटरी भरत राहील," असं विकणाऱ्याने सांगितलं म्हणालीस. भरेलही. पण किती भरेल, किती वेळात भरेल आणि कशाने भरणार नाही, हे विकणारे सांगत नाहीत. म्हणून ग्रॅम्पियन्सला निघण्याआधी माझं एवढं वाचा. जावईबापूंनाही वाचून दाखव. त्यांना पाना फिरवायला आवडतं, मीटर धरायचा मात्र कंटाळा आहे.

आधी एक मल्टिमीटर घे. महागडा नको. जमलं तर क्लॅम्प मीटर घे, पण घेताना तो डीसी करंट मोजतो का ते विचार. स्वस्तातले क्लॅम्प मीटर पुष्कळदा फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीला लावले की शून्य दाखवत बसतात.

मग मोजायचं कुठे? टोकाला. म्हणजे कॅरव्हॅनच्या बॅटरीच्या टर्मिनलवर, इंजिन चालू असताना आणि करंट वाहत असताना. यातली एकही अट सोडू नकोस. बरेच जण अँडरसन प्लग सुटा ठेवून त्याच्या दोन पत्र्यांना मीटरच्या पिना लावतात, १४.२ व्होल्ट दिसतात आणि खूश होऊन निघतात. सुट्या प्लगवरचा तो आकडा काही सांगत नाही. करंट वाहत नसेल तर केसाएवढी बारीक वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. लोड आला की कळतं कुठे पाणी मुरतंय.

करायचं असं: रात्रभर दिवे, पंप, फ्रिज वापरून बॅटरी थोडी उतरू दे. सकाळी प्लग जोड, इंजिन चालू कर, जावईबापूंना अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांग, साधारण १५०० आरपीएमवर. दोन मिनिटं थांब. आधी गाडीच्या बॅटरीवर मोज, मग मागे जाऊन कॅरव्हॅनच्या बॅटरीवर मोज. दोन आकड्यांतला फरक वाटेत गळला. मधे चार्जर नसेल आणि वायर सरळ जोडलेली असेल, तर हा फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर जाता कामा नये. बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू असतं तेव्हा ओढणी आणि केस सांभाळ. हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे बहुतेक वेळा उलटं असतं: आड तुडुंब असतो, पोहऱ्यालाच भोक असतं. आजकालच्या गाड्यांचे अल्टरनेटर शंभर-दीडशे अँपिअरचे असतात. गाडीला स्वतःला त्यातले तीस-चाळीस लागतात. उरलेले तुझ्या कॅरव्हॅनसाठी पुरून उरतील. अडचण आहे ती वाटेत, आणि वाट लांब आहे.

हिशोब करून दाखवतो, कारण हिशोब समजला की बाकीचं पाठ करावं लागत नाही. गाडीच्या बॅटरीपासून कॅरव्हॅनच्या बॅटरीपर्यंत वायरीची लांबी १० मीटर धर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून दोन्ही बाजूंची मिळून २० मीटर. ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत "६ एमएम ऑटो केबल" म्हणून जी मिळते तिच्या नावावर जाऊ नकोस. तो ६ चा आकडा वायरीच्या एकूण व्यासाशी, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणासकट मापाशी, बांधलेला आहे. आत तांबं असतं साधारण ४.६ चौरस मिलिमीटर. आपल्याकडे वायर चौरस मिलिमीटरवर विकतात, त्यामुळे भारतातून आलेला माणूस इथे हमखास फसतो. त्या वायरीतून २० मीटरवर २५ अँपिअर सोडले तर जवळजवळ १.९ व्होल्ट वाटेतच जातात. पुढे १४.२ असले तर मागे १२.३ पोचतात. बारा व्होल्टची उतरलेली बॅटरी त्यावर काय भरणार? करंट आपोआप कमी होतो, पाच-सात अँपिअरवर येतो, आणि दिवसभर गाडी चालवूनही संध्याकाळी दिवे मिणमिणतात. मग लोक बॅटरीला दोष देतात आणि नवी घेतात. नव्या बॅटरीचीही तीच गत होते.

तेच काम "६ बी अँड एस" या केबलने कर. इथले ऑटो इलेक्ट्रिशियन तिला याच नावाने ओळखतात. आत तांबं साधारण १३.५ चौरस मिलिमीटर. तेवढ्याच करंटला घट येते ०.६५ व्होल्टच्या आसपास. तीनपट तांबं, तृतीयांश घट. यात जादू काही नाही. केबल महाग पडते हे खरं, पण ती एकदाच टाकायची असते. "८ बी अँड एस" मधली आहे, जेमतेम ८ चौरस मिलिमीटरची. आखूड अंतराला ठीक, तुमच्या लांबीला मी घालणार नाही.

निगेटिव्हकडे लोक दुर्लक्ष करतात. पॉझिटिव्हला जाड केबल टाकायची आणि परतीचा रस्ता चासीवर किंवा टो बॉलवर सोडून द्यायचा, असं बसवलेलं काम मी इथे पाहिलं आहे. बॉलला ग्रीस असतं, गंज असतो, वळणावर तो हलतो. निगेटिव्हलाही तितकीच जाड केबल गाडीच्या बॅटरीपासून प्लगपर्यंत नेलेली हवी. जावईबापूंना गाडीखाली आडवं होऊन बघू दे. दोन जाड केबली दिसल्या तर ठीक, एकच दिसली तर ज्याने बसवलं त्याच्याकडे परत जा. आणि दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगमधून बॅटरी चार्ज करायची हौस कोणी करत असेल तर त्याला नमस्कार कर. ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर ज्या अर्थिंगवर चालतात त्यावर जड करंट सोडला की ब्रेक दाबताना दिवे चमत्कारिक वागायला लागतात, आणि मागचा ट्रकवाला गोंधळतो.

आता तुमच्या गाडीचा प्रश्न. युरो ५ आणि त्यापुढच्या उत्सर्जन नियमांच्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. इंधन वाचवायचं म्हणून गाडीचा संगणक अल्टरनेटरला गरजेपुरतंच काम देतो. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज १२.५ च्या आसपास आणून ठेवतो. उतारावर पाय काढला किंवा ब्रेक दाबला की फुकटची ऊर्जा मिळते म्हणून पटकन १५ च्या जवळ नेतो. चिंचवडला मी वायरिंग हार्नेस बनवत होतो त्या काळातल्या गाड्यांचं असं नव्हतं. अल्टरनेटर १३.८ ते १४.४ च्या मधे कुठेतरी स्थिर असायचा आणि मागे एक साधा रिले पुरायचा. तो रिले व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की जोडायचा, १२.७-१२.८ ला तोडायचा. स्मार्ट अल्टरनेटरवर तोच रिले दिवसभर जोड-तोड करत बसतो, किंवा जोडतच नाही.

तुमची गाडी कुठल्या जातीची आहे हे ओळखायला कंपनीचं पुस्तक नको. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लाव आणि अर्धा तास हायवेवर चालवा. वाचायचं काम शेजारच्या सीटवरच्या माणसाचं. आकडा १३.८ च्या वर टिकून राहिला तर जुना प्रकार. १२.४, १२.६ करत राहिला आणि उतारावर उसळला तर स्मार्ट. घरासमोर पाच मिनिटं इंजिन चालवून हा निकाल लावू नकोस. सुरू केल्या केल्या सगळेच अल्टरनेटर गुणी वाटतात.

स्मार्ट असेल तर डीसी-टू-डीसी चार्जर लागणारच. लिथियम बॅटरी असेल तरी लागणारच. दोन्ही नसतील तरी मी घालायला सांगेन, कारण अंतर लांब आहे. हे यंत्र काय करतं, तर पुढून जे काही व्होल्टेज येईल, ११.५ असो की १५, ते घेऊन मागे बॅटरीला हवं तेच देतं: एजीएमला (बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीला) १४.४-१४.७, लिथियमला १४.२ ते १४.६, मग भरत आली की कमी करतं. रेडार्क, व्हिक्ट्रॉन, सीटेक, यांतलं कुठलंही चालेल. भांडत बसू नका. मात्र चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते, ती निवड कोणी केली आहे का ते बघ. लिथियमला एजीएमच्या सेटिंगवर चालवलेलं पुष्कळदा आढळतं.

चार्जर बसवायचा तो कॅरव्हॅनच्या बॅटरीजवळ, एखाद्या मीटरच्या आत. गाडीच्या बॉनेटखाली बसवला तर दोन गोष्टी होतात. इंजिनच्या उष्णतेत तो स्वतःला वाचवायला करंट कमी करतो, आणि तिथून नीट मोजून सोडलेलं व्होल्टेज पुढच्या दहा मीटरवर परत गळतं. मग त्याचा उपयोग काय? तो टोकाशी असला तरच टोकाला बरोबर आकडा मिळतो.

चार्जर आला म्हणजे बारीक वायर चालते, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं गणित अर्धं आहे. चार्जर मागे २५ अँपिअर १४.४ व्होल्टवर देतो, म्हणजे ३६० वॉट. त्याच्या आत थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणजे पुढून ४०० वॉट घ्यावे लागतात. पुढे १२.५ व्होल्टच असतील तर ते झाले ३२ अँपिअर. म्हणजे आत घ्यायचा करंट बाहेर द्यायच्या करंटपेक्षा जास्त! वायर बारीक असली की वाटेत व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की तो आणखी करंट खेचतो, करंट वाढला की आणखी पडतं. ४.६ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरला सुमारे अडीच व्होल्ट जातात. चार्जर थोडा वेळ झगडतो, मग कमी व्होल्टेज म्हणून बंद पडतो, परत सुरू होतो. वरचा दिवा लुकलुकत राहतो आणि माणसाला वाटतं, चार्ज होतंय. जाड केबल चार्जर असताना अधिकच हवी.

आणि चार्जर किती अँपिअरचा? तुमच्या शंभर अँपिअर-अवरच्या एका बॅटरीला २५ चा पुष्कळ झाला. कोणीतरी ५० चा गळ्यात मारायला बघेल. त्याला लागणारी केबल, फ्यूज, सगळं दुप्पट. अँडरसन प्लग ५० अँपिअरचा असतो आणि ५० चा चार्जर त्याच्यातून साठ-पासष्ट ओढायला बघतो. नाकापेक्षा मोती जड.

एक बारीक निळी किंवा दुसऱ्या रंगाची वायर चार्जरमधून लोंबकळत असेल. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत ती इग्निशनशी जोडायची असते, म्हणजे "इंजिन चालू आहे, काम कर" हे चार्जरला कळतं. नाहीतर १२.५ व्होल्ट बघून त्याला वाटतं गाडी बंद आहे, आणि तो स्वस्थ बसतो. बसवणारे ही वायर विसरतात. कॅरव्हॅनपर्यंत इग्निशनची वायर न्यायची तर प्लगमधून वेगळी पिन लागते, म्हणून विसरण्याची सोयही होते. चार्जर नवा असून चार्ज होत नसेल तर आधी ही वायर शोध.

बॅटरीविषयी. तुमच्या घरी लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टर होता, तुझी आई महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालायची. त्यामुळे लेड-अ‍ॅसिडच्या सवयी तुला ठाऊक आहेत. एजीएम हीही त्याच घराण्यातली, फक्त बंद. पाणी घालायचं नाही. चार-पाच तास स्वस्थ ठेवून मोजलीस तर १२.७-१२.८ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. अर्ध्याखाली रोज नेलीस तर वर्षा-दोन वर्षांत तिचा जीव जातो. आणि तिचा एक हट्ट आहे जो गाडीत बसणाऱ्यांना समजत नाही: ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभर भरते, शेवटच्या वीस टक्क्यांना मात्र चार-पाच तास घेते. करंट तुम्ही कितीही द्या, ती घेत नाही. म्हणून तीन तासांच्या प्रवासात एजीएम कधीच पूर्ण भरत नाही. सलग आठवडाभर असं अर्धवट भरत राहिलात तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. घरी आलात की २४० व्होल्टच्या चार्जरवर रात्रभर लावून ठेवायची, तेवढ्यासाठीच.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, वेगळीच. दिलं तेवढं घेते, शेवटपर्यंत घेते. म्हणून गाडीतून चार्ज करायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण याच गुणाने अल्टरनेटर जळतात. सरळ वायरीने जोडली तर ती साठ-ऐंशी अँपिअर खेचते, ट्रॅफिकमध्ये इंजिन हळू फिरत असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो, आणि गुंडाळी भाजून निघते. शिवाय आतल्या सर्किटने, ज्याला बीएमएस म्हणतात, मधेच बॅटरी तोडली तर अल्टरनेटरच्या व्होल्टेजला एकदम उसळी बसते आणि ती गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला झेपेलच असं नाही. मधे चार्जर असला की हे दोन्ही टळतं. व्होल्टेज बघून लिथियम किती भरली आहे ते कळत नाही; वीस टक्के असो की ऐंशी, आकडा १३ च्या आगेमागेच रेंगाळतो. तिला शंट लागतो, आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा. शंट बसवलास तर सगळे निगेटिव्ह त्याच्या एकाच बाजूने गेलेत ना, ते बघ. एखादी वायर थेट बॅटरीला गेली तर तिचा हिशोब त्याला कळत नाही.

शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते. हे मेलबर्नमध्ये आठवणार नाही, पण जुलैत व्हिक्टोरियाच्या डोंगरात गेलात, ओमिओच्या बाजूला, तर सकाळी बीएमएस चार्जिंग अडवून ठेवील. घाबरू नका. ऊन चढलं की घेईल. बॅटरी बेडखाली सरकवून ठेवायची सूचना कोणी केली तर मात्र ऐकू नका: एएस/एनझेडएस ३००१.२ या २०२२ च्या मानकानुसार लिथियम बॅटरी राहत्या जागेपासून बंदिस्त आणि बाहेर हवा जाणाऱ्या कप्प्यात हवी.

फ्यूजचं आता जरा नीट ऐक, कारण इथे चूक झाली तर बॅटरी नाही, कॅरव्हॅन जाते. घरात फ्यूज एकाच बाजूला असतो, कारण वीज एकाच बाजूने येते. इथे केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठे केबल चासीच्या धारेवर घासून उघडी पडली तर आग लावण्याइतका करंट पुढूनही येईल आणि मागूनही. म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज, आणि प्रत्येक फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका जवळ, वीतभर अंतरात. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, यंत्राचं नाही, म्हणून त्याचं माप केबल ठरवते आणि चार्जरची पुस्तिका सांगते. २५ च्या चार्जरला सहसा ४० चा. तो उडाला तर ६० चा घालून पुढे जायचं नाही. आपोआप परत जोडणारे स्वस्त सर्किट ब्रेकर मिळतात, ते मला आवडत नाहीत. उन्हाने तापले की विनाकारण सुटतात, आणि आत संपर्क खराब झाला की त्यांच्यातच व्होल्टेज गळतं. बोल्टवर घट्ट बसणारा मिडी फ्यूज घे आणि दोन जास्तीचे ड्रॉवरमध्ये ठेव.

केबलच्या टोकांचे लग बसवताना ते षटकोनी दाबाच्या पकडीने दाबलेले हवेत. हातोड्याने चेपलेले नकोत, सोल्डरने भरलेलेही नकोत. सोल्डर तारेत वर चढतं, तिथे वायर कडक होते, आणि कोरुगेशनच्या रस्त्यावर हादरे बसून नेमकी तिथेच तुटते.

फ्रिज कुठल्या प्रकारचा आहे ते तू सांगितलं नाहीस. गॅस, २४० आणि १२ अशा तिन्हींवर चालणारा असेल तर १२ वर तो दहा-पंधरा अँपिअर सतत खातो. चार्जरमागच्या बॅटरीवर तो जोडलेला असेल तर २५ मधले पंधरा तोच गिळेल. त्याला गाडीतून स्वतंत्र लाइन द्यावी, आणि ती इग्निशन बंद झाली की तुटली पाहिजे. नाहीतर जेवायला थांबलात तेवढ्यात गाडीची बॅटरी बसेल. कॉम्प्रेसरचा असेल तर प्रश्न सोपा. चालू असताना चार-पाच अँपिअर, दिवसभराचे मिळून पन्नास-साठ अँपिअर-अवर. गर्मीत जास्त.

यावरून सहलीचा हिशोब मांडू. फ्रिजचे साठ, दिवे, पंप, पंखा, फोन यांचे पंधरा. दिवसाला पंच्याहत्तर धर. मेलबर्नहून ग्रॅम्पियन्समधलं हॉल्स गॅप अडीचशे किलोमीटरच्या आसपास, कॅरव्हॅन ओढत साडेतीन तास. २५ गुणिले साडेतीन म्हणजे ८७, त्यातले चालू फ्रिजने दहा-बारा खाल्ले. बॅटरी लिथियम असेल तर आदल्या दिवशीची तूट भरून निघाली. छान. पण तिथे पोचून तुम्ही दोन रात्री एकाच जागी राहणार, आणि तिसऱ्या दिवशी वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॅम्पवर जाणार. वीस किलोमीटरांत काय भरतं? आठ-दहा अँपिअर-अवर. म्हणजे गाडीतून चार्जिंगचा फायदा नेमका ज्या दिवशी तुम्हाला फारशी गरज नसते त्या दिवशी होतो. उद्या नलारबॉर ओलांडून पर्थला निघालात तर सेडूना ते नॉर्समन बाराशे किलोमीटर, त्यात बॅलाडोनिया आणि केग्युनाच्या मधे १४६.६ किलोमीटर सरळ रेषेत रस्ता. तिथे बॅटरी दुपारपर्यंत भरून चार्जर स्वस्थ बसलेला असेल. तिथे काळजी कराल ती पेट्रोलची, आणि बॉर्डर व्हिलेजच्या क्वारंटाइन चौकीत फ्रिजमधली भाजी, फळं, मध काढून घेतात त्याची. मुक्काम लांबला की मात्र छपरावरचं सोलर पॅनल लागतं. २०० वॉटचं पॅनल उन्हाळ्यात पन्नास-साठ अँपिअर-अवर देईल, जुलैत मेलबर्नच्या आकाशाखाली त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून चार्ज करायचा मोह होईल. नको. आयडलिंगवर अल्टरनेटर अर्धाच देतो, डिझेल गाडीचा काजळी गाळणारा डीपीएफ फिल्टर भरत जातो, आणि शेजारच्या तंबूतली माणसं सकाळी तुमच्याशी बोलत नाहीत. त्यापेक्षा एक रात्र वीज असलेली जागा घ्या.

आता रोजची कामं. अर्धा तास चालवून झालं की कुठेतरी थांबता ना, चहाला किंवा बाळासाठी? उतरल्याबरोबर अँडरसन प्लगला हात लाव. थंड हवा. कोमट असेल तर आतला संपर्क सैल किंवा काळा पडलाय. गरम असेल तर पुढे जाऊ नका, चार्जिंग काढून ठेवा. हाताला लागलेली उष्णता म्हणजे वाटेत गळलेले व्होल्ट, मीटर काढायचंही कारण नाही. प्लगचे पत्रे वर्षातून एकदा काँटॅक्ट क्लीनरने पुसायचे. टोपी लावलेली ठेव, नाहीतर मागच्या चाकाची सगळी माती त्यात. करड्याला करडाच बसतो. लाल प्लग करड्याला बसत नाही, आणि बसवायला घासू नये, तो मुद्दाम वेगळा केलेला असतो. नवा प्लग कोणी बसवून दिला तर जोडण्याआधी मीटरने पोलॅरिटी बघ. उलट जोडलेला प्लग पहिल्याच मिनिटात चार्जर खलास करू शकतो आणि वॉरंटीवाले त्यावर हसतात.

केबलला वळणापुरती ढील हवी, रस्त्याला लागेल इतकी नको. डावीकडे पूर्ण वळवून एकदा बघ, उजवीकडे पूर्ण वळवून एकदा. कॅरव्हॅन सोडवताना प्लग आधी काढायचा, हिच नंतर. घाईत उलट झालं की केबल लगपासून उपटते. रात्री मुक्कामाला गाडी जोडलेलीच ठेवणार असाल तरी प्लग काढा. चार्जर असो वा रिले, त्याच्या भरवशावर सकाळची गाडी सुरू होणं सोडू नये. आणि तुमची कॅरव्हॅन दोन टनांच्या वरची आहे म्हणालात, म्हणजे तिला ब्रेकअवेची छोटी वेगळी बॅटरी आहे. कॅरव्हॅन सुटली तर तिनेच ब्रेक पंधरा मिनिटं धरून ठेवायचे आहेत. तीसुद्धा कुठून चार्ज होते ते शोध, आणि तिच्या चाचणीचं बटण दाबून बघ.

हे सगळं मी इथे बसून सांगतोय म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, हे मला कळतं. म्हणून हॉल्स गॅपला पोचलात की तीन आकडे पाठव: निघताना शंट किती दाखवत होता, पोचल्यावर किती, आणि मधे इंजिन किती तास चालू होतं. तासाला वीसच्या वर भरलं असेल तर काही करू नका, फिरा. दहाच्या खाली असेल तर चार्जरमध्ये गाडीकडून येणाऱ्या बाजूचं व्होल्टेज, गाडी चालू असताना, मोजून ठेव आणि मला फोन कर. जेवणाच्या वेळी केलास तरी चालेल.